कचऱ्यातली ठकुबाई

"शुभ सकाळ, आई! केतकी रात्रभर छान झोपली!"

चहाचं आधण ठेवते न ठेवते तोच निगा हे वाक्य म्हणते. रोज. पहिली गोष्ट, मी निगाची आई नाही. दुसरी गोष्ट, केतकी छान झोपलेली नसते. माझ्या बरगड्या त्याला साक्ष आहेत. पण निगाच्या पाटीवर हिरवा ठिपका असतो, आणि हिरवा ठिपका असला की आमच्या घरात, नव्हे आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये, पुढे बोलायचं नसतं.

निगा म्हणजे पोळ्यांच्या डब्याएवढी एक पांढरी पेटी. केतकीच्या कानातल्या यंत्राबरोबर ती कंपनीने दिली; बिल्डिंगमधल्या बाकीच्यांनी विकत आणली. लोक तिला हौसेने तोरणं बांधतात. तिसऱ्या मजल्यावरच्या एकीने आपल्या निगाला हळदीकुंकवाचं बोट लावलंय. "माझं तर बाई सगळं तीच बघते," असं ती लिफ्टमध्ये सांगते, आणि आपल्याला स्वतःला काहीही बघता येत नाही हे आपण किती अभिमानाने सांगतोय, याचा तिला पत्ता नसतो. फोटो कुठे आहेत, पावत्या कुठे आहेत, मुलाचा लसीचा दाखला कुठे आहे? निगाला विचार. फाइल, फोल्डर हे शब्द आता आमच्या सासूबाईंच्या वयाच्या माणसांनाच माहीत. बाकीच्यांनी मागायचं आणि मिळालेलं घ्यायचं. मिळालं नाही, तर ते नव्हतंच म्हणायचं.

मीही तेच करत होते. मार्चपर्यंत.

केतकीच्या कानाबद्दल आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्या कानात खोलवर गोगलगाईच्या शंखासारखी वळत गेलेली एक नळी असते. आवाज तिथे पोहोचला की आतल्या बारीक केसपेशी हलतात आणि मेंदूकडे विजेचा निरोप जातो. केतकीच्या केसपेशी जन्मापासूनच मुक्या. म्हणून ती दीड वर्षाची असताना ऑपरेशन करून त्या शंखात एक तार सरकवली. तारेवर इवलीइवली टोकं आहेत, एकेक टोक एकेका सुरासाठी. कानामागचं यंत्र बाहेरचा आवाज पकडतं, त्याची वाटणी करतं आणि ज्याच्या त्याच्या टोकाला वीज पाठवतं.

किती वीज, हाच सगळा प्रश्न. कमी पडली तर मूल ऐकतच नाही, जास्त झाली तर किंचाळतं. आणि हे माप प्रत्येक मुलाचं निराळं, प्रत्येक टोकाचं निराळं. या सगळ्या मापांच्या फाइलला नकाशा म्हणतात. केतकीचा नकाशा हेर्लेकर मॅडमनी केला. कोल्हापूरच्या सेंटरमध्ये त्या जमिनीवर मांडी घालून बसायच्या, केतकीच्या पुढ्यात लाकडी मणी ठेवायच्या आणि एकेका टोकाची वीज केसभर वाढवून तिच्या पापणीकडे बघत राहायच्या. पापणी हलली की थांबायच्या. असं वर्षाहून जास्त चाललं होतं. त्या नकाशावर केतकी 'स' शिकली. 'त' शिकली. 'साखर' म्हणाली त्या दिवशी मी तिला चिमूटभर द्यायच्या ऐवजी डबाच दिला.

मग कंपनीला वाटलं, एवढी वाट कशाला बघायची? निगा घरातला आवाज दिवसभर ऐकेल, लाखो मुलांच्या नकाशांशी ताडून बघेल आणि नकाशा स्वतःच सुधारेल. सेंटर बंद. हेर्लेकर मॅडम मिरजेला आपल्या घरी. मार्चमध्ये निगाची नवी आवृत्ती आली. तिने लाडीगोडीने विचारलं, "आई, आपल्या बाळाला काय म्हणता?" मी भाजी चिरत होते. म्हटलं, "केतकी." "किती गोड नाव!" निगा म्हणाली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत केतकी वळेनाशी झाली.

हाक मारली तर वळायची नाही. कुकरच्या शिट्टीला मात्र दचकून रडायची. कानामागचं यंत्र उपटून एकदा आमटीत टाकलं, एकदा बुटात. 'साखर'ची 'आअर' झाली. 'आत्या'ची 'आआ'. मी लक्ष ठेवून असते, मला हे पहिल्या दिवशीच दिसलं. बाकी कुणाला दिसलं नाही, कारण ठिपका हिरवा होता.

"अगं, शलाका, मुलं असतात लहरी," विश्वजीत म्हणाला. विश्वजीत माझा नवरा. पुलांची मजबुती तपासणं हे त्याचं काम. लोखंडातली केसाएवढी चीर त्याला दिसते. "निगाचा आलेख बघ ना. प्रगतीच आहे."

"तुझ्या मुलीचा 'स' गेला, विश्वजीत."

"येईल परत."

"कुठून?"

त्याने निगाकडे पाहिलं. तिने उत्तर ताबडतोब दिलं. "केतकीचा नकाशा उत्तम आहे, आई. लाखो मुलांसाठी हाच नकाशा सर्वोत्तम ठरला आहे."

"मला लाखो मुलांचा नकोय. केतकीचा जुना नकाशा कुठे आहे?"

"केतकीचा जुना नकाशा नाही, आई."

"होता!"

"तुमची काळजी मला समजते, आई. आपण दोघी मिळून एक दीर्घ श्वास घेऊ या?"

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवते.

कंपनीला फोन लावला तर तिथेही निगाच. दुसरा आवाज, तोच दीर्घ श्वास. हेर्लेकर मॅडमना लावला. त्या म्हणाल्या, "फाइल असेल तर काही अडचणच नाही गं. नसेल तर पहिल्यापासून. आणि ती तीनची झालीये ना? बोलायला शिकायचे दिवस आहेत हे. यातलं एक वर्ष परत असंच घालवायचं म्हणजे..."

तेव्हा मी नाइलाजाने शर्वाणीला फोन केला.

शर्वाणी माझी नणंद. बेळगावला एका कारखान्यात आहे, यंत्रांच्या पोटातले जुने संगणक सांभाळते. आमचं एकमेकींबद्दलचं मत लग्नातच पक्कं झालेलं आहे आणि दोघींनीही ते कधी बदललेलं नाही. तिच्या मते मी नाक वर करून जगते. माझ्या मते तिच्या जिभेला हाड नाही. पण ती केतकीची आत्या. बारशाला तिनेच बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं, आणि ते बाळाला ऐकू गेलेलं नाही हे आम्हाला नंतर कळलं. ऑपरेशननंतर यंत्र पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशी ही बया बेळगावहून पहाटेची गाडी पकडून आली. म्हणाली, "पहिलं फुकट गेलं ना? मग परत." यंत्राच्या माइकला ओठ लावून परत 'कुर्रर्र' केलं. केतकी खदखदून हसली. तेवढ्यापुरतं मी तिला माफ केलेलं आहे.

"घरात कीबोर्ड आहे का?" सगळं ऐकून तिने विचारलं.

"असेल माळ्यावर. पपांचा."

"काढ. कायद्याने अशा प्रत्येक पेटीला मालकाचं दार ठेवावं लागतं. मागे एक भोक असेल, त्यात लाव. निगाशी बोलू नकोस. तिच्याशी बोलणं म्हणजे दुकानाच्या पाटीशी बोलणं. आपल्याला गोदामात जायचंय."

आकाशकंदिलांच्या खोक्याखाली सासऱ्यांचा कीबोर्ड सापडला. मी तो पेटीला लावला. निगाच्या पाटीवरचं हसरं फूल गेलं आणि काळा पडदा आला. कोपऱ्यात एक रेघ, लुकलुकणारी. बस्स.

"काही म्हणतच नाहीये," मी म्हटलं.

"ते स्वतःहून काही म्हणत नसतं. तू म्हणायचंस. लिही, पी-डब्ल्यू-डी."

"सार्वजनिक बांधकाम?"

"तेच समज. रस्ता सांगतं ते. आपण कुठे उभ्या आहोत ते."

मी तीन अक्षरं लिहिली, एंटर दाबलं. खाली एक ओळ आली: तिरकी रेघ, होम, तिरकी रेघ, मालक.

"मालक," मी वाचलं.

"हं. तू. आता एल-एस. म्हणजे, इथे काय काय आहे ते दाखव."

नावांची एक रांग उमटली. इतकी वर्षं ज्यांच्याबद्दल 'कुठेतरी आहे' एवढंच ऐकलं होतं, त्या वस्तू एका रांगेत उभ्या होत्या, नावानिशी. निगा. केतकी. क्षण. कचरा.

"ती सगळी फोल्डरं. सी-डी लिहून नाव लिहिलंस की आत. सी-डी आणि दोन टिंबं, की एक पायरी मागे. आणि वहिनी, तू ज्या खोलीत असशील तिथलंच तुला दिसणार. स्वयंपाकघरात उभी राहून गॅलरीतलं शोधशील आणि नाही म्हणून बोंबलशील."

"मी बोंबलत नाही."

"लग्नात मेंदीचे कोन सापडेनात तेव्हा काय केलं होतंस?"

मी 'केतकी'त शिरले. आत एकच नकाशा. तारीख मार्चमधली, निगा नाव विचारून गेली त्याच दिवसाची. त्याआधीचं काहीच नाही. निगा खोटं बोलली नव्हती, हेच तर संतापजनक होतं. केतकीचा जुना नकाशा नव्हता.

"दुसरीकडे कुठेतरी असेल," शर्वाणी म्हणाली. "आता माझी कामाची पाळी सुरू होतेय, उद्या दुपारी बोलू. तोपर्यंत एवढं लक्षात ठेव. सी-पी म्हणजे नक्कल; मूळ जागेवरच राहतं. एम-व्ही म्हणजे उचलून दुसरीकडे. मूळ जागा रिकामी. नाव बदलायलाही तेच. काहीही करायच्या आधी नक्कल काढायची."

"आणि पुसायला?"

"ते नंतर सांगते."

"आत्ता सांग."

"आर-एम. अख्खं फोल्डर असेल तर पुढे एक आडवी रेघ आणि आर. पण ऐक. तुझी निगा गोड बोलून कचऱ्यात टाकते आणि मग दर रविवारी कचरा जाळते. हे टाकत नाही, पुसतं. 'नक्की का?' असंसुद्धा विचारत नाही."

"मला आवडलं हे."

"आवडणारच. तुझाच स्वभाव आहे तो. म्हणून सांगते, आधी कुठे उभी आहेस ते विचार, मग काय आहे ते बघ, आणि मग हात लाव. क्रम सोडलास तर मी ओळख दाखवणार नाही."

मला खरंच आवडलं होतं. त्या संध्याकाळी मी पोळ्या करता करता त्या काळ्या पडद्यापाशी जात-येत राहिले. चुकीचं नाव लिहिलं की तो म्हणायचा, अशी फाइल नाही. तेवढंच. 'अरेरे आई' नाही, दीर्घ श्वास नाही. कित्येक महिन्यांत माझ्याशी इतक्या आदराने कुणी बोललं नव्हतं. 'क्षण'मध्ये डोकावले. निगाने परस्पर केलेल्या केतकीच्या चित्रफिती, पाठीमागे बासरी. केतकी कान धरून रडतेय आणि खाली अक्षरं: 'आपल्या परीच्या गोड भावना!' मी दोन टिंबं मारून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळची कामं आटोपल्यावर मी 'कचरा'त शिरले. आणि तिथे ती बसली होती.

ठकुबाई.

इंग्रजी अक्षरांत, पण स्पष्ट. फोल्डरचं नाव: ठकुबाई. आत शिरून एल-एस केलं तर नकाशांची लांबच लांब रांग. पडदाभर. केतकीच्या वाट्याला एक नकाशा आणि या कोण ठकुबाई, यांचे एवढे.

माझ्या डोक्यात सगळं एका झटक्यात जुळलं. कंपनीने आम्हाला जुनी पेटी गळ्यात मारली होती. कुणा म्हातारीच्या घरची, तिच्या श्रवणयंत्राबरोबरची, पुसून-पासून नवी म्हणून. आणि पुसलीसुद्धा धड नव्हती. ठकुबाईची मापं केतकीच्या कानात झिरपत होती. म्हणून कुकर कर्कश, म्हणून माझी हाक नाही. माझी लेक ऐंशी वर्षांच्या कुणा म्हातारीच्या कानाने ऐकत होती! मला तो कान दिसायलाच लागला. सुरकुतलेला, भोकं ओघळलेली, त्यात पिवळट कापूस.

रागाचं एक बरं असतं, ते पुरावा मागत नाही. मी दोन टिंबं मारून मागे आले. निगा ही घाण उद्या जाळणारच होती, पण उद्यापर्यंत कशाला? मला ती माझ्या हाताने घालवायची होती. मी लिहिलं: आर-एम, आडवी रेघ, आर. मग एकेक अक्षर मोठ्याने म्हणत नाव.

"ठ... कु... बा... ई. चला बाई ठकुबाई, निघा आता. कुठल्या स्मशानातून आलात ते—"

मागे काहीतरी पडलं. वळून पाहिलं तर मम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात. हातातलं केतकीचं दूध फरशीवर, आणि तोंडावर हात.

"हे नाव तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"शलाका, हे नाव मोठ्याने घ्यायचं नसतं! कुणी सांगितलं तुला? विश्वाने?"

"मम्मी, कोण आहे ही ठकुबाई?"

त्यांनी आधी दार लावलं. मग खिडकी. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आपली केतकी."

माझं बोट एंटरवर होतं. ते तिथून उचलायला मला सबंध हात मागे घ्यावा लागला.

"हस्त नक्षत्र, चौथा चरण," मम्मी कुजबुजत होत्या. "'ठ' अक्षर आलं. 'ठ'वरून मिळतंय काय दुसरं? गुरुजींनी ठकुबाई लिहिलं पत्रिकेत. जन्मनाव चार लोकांत बोलायचं नसतं, करणी-बिरणी करतात लोक. तुला सांगणार होते मी, पण बारशाच्या दिवशी पत्रिका पुढे केली तर तू ती न उघडता फ्रिजवर ठेवलीस आणि वर दह्याचं भांडं."

हे खरं होतं. पत्रिका या वस्तूबद्दल माझं जे मत आहे ते आहे, आणि दह्याच्या भांड्याखाली काहीतरी लागतंच.

"पण ते इथे कसं आलं? पेटीत?"

"ऑपरेशनचा मुहूर्त जन्मनावावर काढला होता. मग यंत्राची नोंद दुसऱ्या नावाने करून कशी चालेल? मीच विश्वाला सांगितलं."

विश्वजीतला हाक मारली. तो केतकीला कडेवर घेऊन आला, फरशीवरचं दूध पाहिलं, पडद्यावरचं नाव पाहिलं आणि एकदम पुलाखाली उभा असल्यासारखा वर बघायला लागला.

"तू यंत्र ठकुबाईच्या नावावर केलंस?"

"मम्मी म्हणाली म्हणून... त्याने काय बिघडतं, असं वाटलं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू हसली असतीस."

"हसलेच असते!"

"नुसती हसली नसतीस. तू मग आठवडाभर बघतेस ना, त्या नजरेने बघितलं असतंस. आत्ता बघतीयेस तसं." त्याने केतकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "म्हणून नाही सांगितलं."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायला वेळ नव्हता. कारण आता सगळं खरोखर जुळत होतं, आणि ते माझ्या म्हातारीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मूर्खपणाचं होतं. ऑपरेशनपासूनचे सगळे नकाशे ठकुबाईच्या फोल्डरमध्ये होते. मार्चमध्ये निगाने बाळाचं नाव विचारलं, मी केतकी म्हटलं. निगाला वाटलं, घरात नवं बाळ आलं. तिने नवं फोल्डर उघडलं, त्यात लाखो मुलांचा सरासरी नकाशा ठेवला आणि तोच कानाला जोडला. मग ती दिवसभर ऐकत बसली. या घरात ठकुबाईला कुणी हाक मारत नाही. ठकुबाईला कुणी जेवायला बोलावत नाही. कुणी रागावत नाही. म्हणजे ठकुबाई नाहीच. हिरवा ठिपका, मग गेल्या रविवारी आवरसावर, कचरा.

ज्याला हाक मारत नाहीत ते माणूसच नाही, असं त्या पेटीने ठरवलं होतं. आणि कोण कुठली ठकुबाई म्हणून मीही एका बोटाच्या अंतरावर तेच करत होते. पेटीने निदान रविवारपर्यंत थांबायचं ठरवलं होतं.

मी लिहिलेली ओळ एकेक अक्षर मागे खोडली. मग क्रमाने. पी-डब्ल्यू-डी: कुठे उभी आहे? कचऱ्यात. एल-एस: काय आहे? ठकुबाई. आधी सी-पी, अख्ख्या फोल्डरची नक्कल, कचऱ्याबाहेर माझ्या घरात. दोन टिंबं मारून बाहेर, परत एल-एस. आली होती. मग आतल्या तारखा बघितल्या. पहिला नकाशा ऑपरेशननंतरचा, यंत्र पहिल्यांदा चालू केल्याच्या दिवसाचा. शेवटचा निगा बदलायच्या आदल्या दिवसाचा, 'साखर'वाला. त्याची नक्कल कानाला जोडलेल्या 'केतकी'च्या फोल्डरमध्ये केली आणि केतकीच्या कानामागचं यंत्र पेटीच्या खाचेत ठेवलं. दिवा लागला, विझला.

मी ते तिच्या कानामागे लावलं. ती तोंड वाकडं करून टेबलाखाली गेली आणि बुटात चमचे भरायला लागली.

"आता?" विश्वजीत म्हणाला.

फोन वाजला. शर्वाणीची मधली सुट्टी झाली होती. "काय वहिनी, पेटवलं का घर?"

"शर्वाणी, काही बोलू नकोस. बारशाला केलंस ते कर. हळू."

बेळगावच्या त्या कारखान्यात, मागे यंत्रं घरघरत असताना, ती एक अक्षरही न विचारता कुजबुजली. "कुर्रर्र..."

टेबलाखाली चमच्यांचा आवाज थांबला. केतकीचं डोकं टेबलक्लॉथमधून बाहेर आलं. तिने फोनकडे पाहिलं, मग आम्हा तिघांकडे, आमच्यातल्या कुणी केलं ते शोधत. मग पोट धरून हसली.

"आत्या," ती म्हणाली. 'त' होता. थोडा बोबडा, पण जागेवर.

मम्मींनी डोळ्याला पदर लावला. शर्वाणी फोनवर नाक ओढत म्हणाली, "मला सर्दी आहे." मी लक्ष ठेवून होते, कारण काळ्या पडद्यावर वरच्या बाजूला निगाचं फूल परत उगवत होतं.

"शुभ दुपार, आई! मला एक न वापरलेलं फोल्डर परत आलेलं दिसतंय: ठकुबाई. आणि केतकीच्या यंत्रात एक परका नकाशा आहे. काळजी नको, उद्याच्या आवरसावरीत मी दोन्ही नीट करीन. ठकुबाई या घरात राहत असल्यास कृपया त्यांना हाक मारा, म्हणजे मी त्यांना ओळखीन."

"घ्या, सोपं आहे," विश्वजीत सुटल्यासारखा म्हणाला. "रोज चार-पाच वेळा हाक मारायची. ठकुबाई, ठकुबाई. ऐकेल ती. काय, मम्मी?"

"या डबड्यापुढे? जन्मनाव?" मम्मी ताठ झाल्या. "मी माझ्या सख्ख्या जावेला ते सांगितलेलं नाही."

"अगं, पण मशीन आहे ते!"

"म्हणूनच."

सासूबाईंचं आणि माझं या घरात कधी कशावर एकमत झालेलं नाही. आमटीत गूळ घालायचा की नाही यावरसुद्धा नाही. ग्रहांनी माझ्या मुलीला ठकुबाई ठरवावं, हे मला आजही हास्यास्पद वाटतं. पण ती आहे हे पटवून देण्यासाठी एका पेटीपुढे रोज हजेरी लावावी, हे त्याहून हास्यास्पद होतं, आणि शिवाय अपमानाचं.

"मम्मींचं बरोबर आहे," मी म्हटलं.

मम्मींनी माझ्याकडे संशयानेच पाहिलं.

मी कीबोर्ड पुढे ओढला. दोन टिंबं, मागे. पी-डब्ल्यू-डी. होम, मालक. एल-एस. निगा, केतकी, क्षण, कचरा, ठकुबाई. मी आर-एम लिहिलं, आडवी रेघ, आर. आणि पुढे चार इंग्रजी अक्षरांत ते गोडबोलं नाव, निगा.

"शलाका," विश्वजीत म्हणाला, "कंपनी मग हात वर करेल. नकाशा पुढे कोण सुधारणार? तिचं वय वाढेल, मापं बदलतील. कुणी बघायचं?"

"हेर्लेकर मॅडम. मिरज काही चंद्रावर नाही. आणि रोजचं मी."

"तुला येतं?"

"सहा शब्द येतात. निगाला लाखो येत होते."

फोनवरून शर्वाणीचा आवाज आला, "वहिनी, ते परत येत नाही हं. कचऱ्यातही जात नाही."

"कुठे उभी आहे ते विचारलंय," मी म्हटलं. "काय आहे तेही बघितलंय."

"मग लाव हात," नणंद म्हणाली.

निगाचं फूल म्हणत होतं, "आई, तुम्ही थकलेल्या दिसता, आपण दोघी मिळून—" आणि तिथेच संपलं. श्वास राहिलाच.

आता रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी केतकीचं यंत्र खाचेत ठेवते आणि, निगा नसल्यामुळे नकाशा रोज हाताने द्यावा लागतो म्हणून, एक ओळ लिहिते: सी-पी, ठकुबाईचा शेवटचा नकाशा, केतकीच्या कानात. तिची वेणी घालायला याहून जास्त वेळ लागतो. मम्मी तेवढ्यात खिडकी लावून घेतात, नाव पडद्यावर दिसतं म्हणून. महिन्यातून एकदा आम्ही मिरजेला जातो. हेर्लेकर मॅडम जमिनीवर बसतात, मणी मांडतात. विश्वजीत गाडी चालवतो. माझी ती नजर मी सध्या तिसऱ्या मजल्यासाठी राखून ठेवली आहे.

एंटर दाबलं की काळा पडदा काही म्हणत नाही. कोपऱ्यातली रेघ लुकलुकते. शुभ सकाळ म्हणत नाही. मला आई म्हणत नाही.

ते म्हणायला घरात एक माणूस आहे.